दहावा खण

वाघजाई खोरे वसाहत,
ता. पाटण, जि. सातारा
२१ जानेवारी १९७९

प्रिय अख्तर,

माझ्या आधीच्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून ठेवू नकोस. आठवडा होत आला, मी जेवते, कामावर जाते, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावते, आणि तरी जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. काल भाजी चिरता चिरता हात थांबला आणि मी विळीपुढं तशीच बसून राहिले. सासूबाईंनी येऊन विळी बाजूला सरकवली तेव्हा भानावर आले. या घरात सध्या कुणी कुणाशी फारसं बोलत नाही.

आधी इकडचं तिकडचं लिहिते, म्हणजे मुद्द्यावर यायला धीर येईल. माहेराहून आबा परवा येऊन गेले. कडेगावात ऊसतोड चालू आहे, टोळी आमच्याच फडात उतरली आहे, तरी सगळं टाकून ते एसटीनं आले. तुझी चौकशी केली. तू पहिल्यांदा कडेगावला आली होतीस, आठवतं? सांगलीच्या कॉलेजात आपण दोघी एम.एस्सी.ला होतो तेव्हा तुझं गणित माझ्यापेक्षा नेहमीच पुढं असायचं, पण आबांना पटलं ते त्या दिवशी. आपल्याला नुकतंच इथलं काम मिळालं होतं. मी अंकांचे तक्ते करणार आणि तू यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणार. आबांची उभी हयात पलटणीत गेलेली. त्यांनी एवढंच ऐकलं आणि विचारलं, तुमचा कर्नल कुठल्या रेजिमेंटचा? तू हसली नाहीस. ओसरीवर बसून तू त्यांना समजावलंस, की आबा, समजा तुम्ही जेवताय आणि दारावर कुणी आलं. हातातला घास खाली ठेवायचा, कुठवर जेवलो ते ध्यानात ठेवायचं, आलेल्याचं काम करायचं आणि परत येऊन त्याच घासापासून जेवायला लागायचं. यंत्राला असं कामातून उठवतात त्याला इंटरप्ट म्हणतात. आणि कोण आलं तर कुठं जायचं, याचे पत्ते यंत्राच्या स्मृतीत अगदी सुरुवातीला खणाखणांत भरून ठेवलेले असतात. एका उपकरणाला एक खण. त्या खणांना म्हणायचं व्हेक्टर. ते सांभाळणं हे कर्नलचं पहिलं काम. आबा म्हणाले, "मंजी गार्ड ड्यूटीच की गं. कुठला बिगुल वाजला तर कुनी कुठं पळायचं, ते आदुगरच ठरल्यालं असतंय." तू म्हणालीस, अगदी तेच. त्यानंतर गावात ते सांगत फिरायचे, की आमच्या विजूच्या मैत्रिणीच्या हाताखाली कर्नल हाय.

इथं आलो तेव्हा खोऱ्यात आपल्या दोघींशिवाय नोकरी करणारी बाई नव्हती. वसाहतीतल्या बायका यंत्राची खोली बघायला यायच्या. ते पंखे, ते लुकलुकणारे दिवे, आणि आपोआप खडखडणारा टाइपरायटर. धरणाच्या प्रत्येक जागेची तार त्या खोलीत येत होती. तळ्याची पातळी, दरवाजे, जनित्रं, भूकंपयंत्र, आणि धरणाच्या पोटातल्या बोगद्यात साचणारं पाणी. खाणीत सुरुंग उडाला तरी भूकंपयंत्र बोंब मारायचं, आणि तुझा कर्नल हातातलं सगळं टाकून नोंद छापायला धावायचा. आमच्या ह्यांना त्याचा वैताग यायचा. नियंत्रण कक्षाचे प्रमुख ते, कुणी बघायला आलं की यंत्र मधेच खडखडायला लागायचं आणि ह्यांचा चेहरा पडायचा. ते तुला म्हणायचे, ती घंटा बंद करून टाक. तू म्हणायचीस, साहेब, घंटा बंद करायची नाही, घंटा वाजल्यावर काय करायचं ते हवं तर थोडक्यात आटपते. तुमचे वाद व्हायचे, पण ते कामाचे वाद होते. संध्याकाळी तू आमच्याकडंच जेवायला असायचीस, आणि सासूबाई तुझ्यासाठी भाकरीवर लोण्याचा गोळा वेगळा काढून ठेवायच्या.

तुझ्या भावाला, रहिमानला, इथं पंपावर लावलंस तेही ह्यांना सांगूनच. मिरजेला तुमच्या गल्लीत दारोदार तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले, घराघरात तारा जुळवणारी माणसं, आणि याला ओढ मोटारींची, पंपांची. तुझे अब्बा म्हणाले होते, सुरांचा कान आहे पोराला, इंजिनात वाया घालवेल. पण तो कान इथं कामी यायचा. पंपाच्या आवाजावरून तो सांगायचा की बेअरिंग जातंय. मला तो विजूआपा म्हणायचा. त्याच्याबद्दल याहून जास्त मला आज लिहवत नाही.

श्रावणातला तो दिवस तुला मी काय सांगणार. रोजे चालू होते, तरी तो दुपारी बोगद्यात उतरला, कारण खालचा पंप अडकत होता. पाझर अडवणारी भिंत फुटली, पाणी वेगानं चढलं. पाण्यावरचा तरंगता गोळा वर उचलला गेला की यंत्राला हाक जायची, आणि यंत्रानं बोगद्यातला भोंगा वाजवून दुसरा पंप सुरू करायचा, अशी तुझी योजना. जुनी थेट तारेची घंटा यंत्र आल्यावर काढून टाकलेली होती. भोंगा वाजला असता तर जिना चढून यायला त्याला भरपूर वेळ होता. भोंगा वाजला नाही. आपण दोघी त्या वेळी यंत्राच्याच खोलीत होतो, अख्तर, आणि यंत्र शांतपणे तळ्याची पातळी छापत होतं.

मग चौकशी. समितीच्या लोकांनी यंत्राची स्मृती तपासली आणि बोगद्याच्या पाण्याच्या खणात नुसतं 'परत फीर' एवढंच सापडलं. म्हणजे हाक आली, यंत्र उठलं, आणि काहीही न करता परत आपल्या कामाला लागलं. त्यांनी निष्कर्ष काढला, की लिहिणारी तो खण भरायला विसरली. तुला विचारलं तेव्हा तू जमिनीकडं बघत म्हणालीस, "विसरले असेन." एवढंच. त्यानंतर तू राजीनामा दिलास, ट्रंक उचललीस आणि मिरजेला गेलीस. मी एसटीपर्यंत आले होते. तू खिडकीतून माझ्याकडं बघितलंही नाहीस.

आता गेल्या रविवारचं सांगते.

संक्रांत होती. नवीन इंजिनिअर आलेत, हरिबा मोहिते म्हणून, विट्याकडचे. ते तिळगूळ घ्यायला आले. हे त्यांना यंत्राचं समजावून सांगत होते, मी आत चहा गाळत होते. मोहित्यांनी विचारलं, एखादं उपकरण उगाच सारखं हाका मारत असेल तर काय करता? आणि हे अगदी सहज, हसत म्हणाले, "त्याच्या खणात 'परत फीर' भरायचं, झालं. मी स्वतः भरलंय. मुंबईची मंडळी पाहणीला येणार होती तेव्हा भूकंपयंत्राची तार गप्प केली होती मी."

मी चहा घेऊन बाहेर गेले, कप ठेवले, तिळगूळ दिला. मला लगेच काही कळलं नाही. भांडी घासताना कळलं, आणि हातातली किटली मोरीत तशीच सुटली. कारण भूकंपयंत्र कधी गप्प झालंच नव्हतं. हादऱ्यांचे छापील कागद महिन्याच्या महिन्याला मीच लावते. ती पाहणी आषाढात झाली, तू शबे-बारातला मिरजेला गेली होतीस तेव्हा. त्यानंतरच्या आठवड्यातले हादरे माझ्याकडं आहेत, गोकुळाष्टमीचे आहेत, दसऱ्याच्या आधीचा तो मोठा हादराही आहे. पाहणीच्या दिवशी पाहुण्यांसाठी खाणीतले सुरुंग बंद ठेवले होते, म्हणून यंत्र शांत राहिलं आणि ह्यांना वाटलं आपला उपाय लागू पडला. मग ह्यांनी गप्प केलं ते कुणाला?

सोमवारी सकाळी मी यंत्राच्या खोलीत गेले. भिंतीवरच्या तारांच्या फळीपाशी उभी राहिले आणि हे जसे मोजतील तसं मोजलं. भूकंपयंत्राची तार दहावी. मग यंत्राच्या तोंडावरच्या खटक्यांनी दहावा खण उघडला. तुला आता पुढचं लिहायलाच नको, पण मला लिहावं लागेल. यंत्राच्या मोजणीत आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत. सातानंतर थेट दहा. आपण ज्याला आठ म्हणतो त्याला यंत्र दहा म्हणतं. आणि फळीवरची आठवी तार बोगद्यातल्या पाण्याची.

मी तिथल्या स्टुलावर बसले. ऑपरेटरनं विचारलं, बाई, पाणी आणू का? डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तू कुठलाच खण कधी रिकामा सोडायची नाहीस. ज्याला मालक नाही अशा प्रत्येक खणात तू प्रश्नचिन्ह छापणाऱ्या कामाचा पत्ता भरून ठेवला होतास, की अनोळखी हाक आली तर निदान कागदावर दिसावी. तू विसरली असतीस तर त्या दुपारी टाइपरायटरवर प्रश्नचिन्ह उमटलं असतं. त्या दिवसाचा कागद समितीकडं आहे, आणि त्यावर तळ्याच्या पातळीशिवाय काही नाही, हे मी त्या वेळीच पाहिलं होतं. तुझ्या हातून कोरं 'परत फीर' जाणं शक्यच नव्हतं. हे चौकशीत कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यांनी असलं यंत्र आधी पाहिलेलंच नव्हतं, आणि तू तेव्हा काही सांगण्याच्या अवस्थेत नव्हतीस.

संध्याकाळी हे घरी आले. मला वाटत होतं, मोहित्यांपुढं एवढं सहज बोलले, म्हणजे त्यांना माहीत नसणार. आकड्यांची गल्लत झाली, मग विसरून गेले. मी सांगेन, ते हादरतील, डोकं धरून बसतील, आणि मग आम्ही दोघं मिळून काय करायचं ते ठरवू. दिवसभर मी त्यांच्या बाजूनं शब्द जुळवत होते. त्यांनी बूट काढले, खुर्चीत बसले, आणि मी फळी, मोजणी, खण, सगळं सांगितलं. ते हादरले नाहीत. त्यांनी मला मधेच थांबवून एक आकडा दुरुस्त केला.

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

ते म्हणाले, "दसऱ्याच्या आधी. तो हादरा यंत्रानं छापला तेव्हा मी खोलीतच होतो."

अख्तर, दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन ते आबांच्या पाया पडायला कडेगावला गेले होते. दिवाळीत त्यांनी सासूबाईंना लुगडं आणलं. मी तुला पत्रं लिहीत होते आणि तीच पत्रं जाता जाता पेटीत टाकत होते ते. प्रत्येक वेळी विचारायचे, तिचं काही उत्तर आलं का? मला वाटायचं, काळजीनं विचारतात.

मी म्हणाले, सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, "सांगून रहिमान परत येणार होता का?" आवाज चढवला नाही, काही नाही. जसं एखादं बिल आता भरून उपयोग नाही म्हणावं तसं.

सासूबाई आतल्या खोलीत होत्या. आम्हाला वाटलं होतं त्या झोपल्यात. त्या दाराशी आल्या, चौकट धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लाला, त्या पोरीचा भाव गेला, आन दोष बी तिच्याच पदरात टाकलास व्हय रं?" ह्यांनी मान वर केली नाही. रंगूबाई पाटलीण पोटच्या पोराला कधी उलट बोललेली या वसाहतीत कुणी ऐकलेली नाही. त्या आत गेल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी ह्यांच्या ताटात वाढलेलं नाही. ताट मीच वाढायचे. भांडण असं झालंच नाही. भांडायला तरी दोन माणसं एकमेकांना ओळखणारी लागतात. मी ह्यांच्याकडं बघायचे आणि मला वाटायचं, हा माणूस मी कुठं पाहिलाय?

मंगळवारी मी एसटीनं साताऱ्याला गेले. समितीच्या साहेबांनी मला बसवलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, घरातला माणूस आहे, परत एकदा विचार करा, हवं तर उद्या या. मी म्हणाले, विचार करून झालाय. मग त्यांनी कागद पुढं केला. लग्नाला चार वर्षं झाली, पण उखाणा सोडला तर मी ह्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही की हातानं लिहिलं नाही. जबाबात 'हे' म्हणून चालत नाही. मी लिहिलं, लालासाहेब आकाराम घाडगे. अक्षर माझं वाटेना.

शुक्रवारी समिती इथं आली, यंत्र बनवणाऱ्यांचा माणूसही बरोबर होता. मला करून दाखवायला सांगितलं. मी आधी बोगद्याच्या त्या दहाव्या खणात कोरं 'परत फीर' भरलं, आणि खाली बोगद्यात एकानं तरंगता गोळा हातानं उचलला. काही झालं नाही. कागदावर तळ्याची पातळी येत राहिली. मग तिथं तुझ्या प्रश्नचिन्हाचा पत्ता भरला, म्हणजे खण रिकामा राहिला असता तर जसा असता तसा. गोळा उचलला, आणि टाइपरायटरनं खाडकन एक प्रश्नचिन्ह आणि खणाचा आकडा छापला. यंत्रवाल्यांचा माणूस साहेबांकडं वळून म्हणाला, "हिनं खण सोडला नव्हता. हे नंतर कुणीतरी हातानं घातलंय." मग मी तुझा मूळ पत्ता भरला. गोळा उचलला.

भोंगा वाजला. धरणाच्या पोटातून तो आवाज जमिनीतून वर आला, खिडकीच्या काचा थरथरल्या. पंपावरची माणसं बाहेर पळत आली. त्या श्रावणापासून त्यांनी तो ऐकला नव्हता. त्यांच्यातला धुळा, जो रहिमानबरोबर डबा खायचा, तो तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. मी भोंगा थांबवणारा खटका खाली करायलाच विसरले. यंत्रवाल्यानं पुढं होऊन केला.

हे सगळा वेळ दाराशी उभे होते. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ते म्हणाले, बाईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. 'बाईंनी' म्हणाले, अख्तर. त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या, आता पुढं खटला होईल असं म्हणतात. त्याच दिवशी ते कऱ्हाडला बहिणीकडं गेले. सासूबाई गेल्या नाहीत. आबा मला कडेगावला न्यायला आले होते, पण मी नाही म्हणाले. कर्नलकडं बघायला सध्या इथं दुसरं कुणी नाही.

तुला सरकारी कागद येईल, निर्दोष म्हणून. तो यायच्या आधी हे पोचावं म्हणून मी आजच टाकते आहे. पण नुसतं तेवढ्यासाठी मी एवढं लांबलचक लिहिलं नसतं. डिसेंबरात तुझी भावजय दिलशाद रहिमानचे कागद न्यायला इथं आली होती, पोर कडेवर घेऊन. तिला मी जेवायला बसवलं. जेवता जेवता ती म्हणाली, की श्रावणापासून अम्मा अख्तरआपांशी एक शब्द बोललेल्या नाहीत. एका घरात राहतात, आपा पाणी देतात ते अम्मा घेत नाहीत, शेजारणीकडून मागवतात. रहिमानला तिथं नेलं तिनंच आणि मारलंही तिच्याच विसरण्यानं, असं त्या भिंतीकडं तोंड करून म्हणतात, आणि आपा ऐकून घेतात. म्हणून हे सगळं, तारा, खण, आकडे, एकही गोष्ट न गाळता लिहिलंय, एखाद्या शाळा न शिकलेल्या आईलाही समजावं असं. तू हे वाचून दाखवू नकोस. दिलशादला वाचायला सांग. अम्मांना पलंगावर बसव, तू त्यांच्या समोर जमिनीवर बस, आणि दिलशादनं पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचावं. माझ्या नवऱ्याचं नाव येईल तिथं तिनं थांबू नये.

तुझीच,
विजू